वाचकांचे प्रश्न : अर्ध्या मीटरची सुपर कॉन्स्टेलेशन

मागच्या अंकात गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातल्या सुपर कॉन्स्टेलेशनचा, म्हणजे चार पंख्यांच्या, तीन शेपट्यांच्या जुन्या प्रवासी विमानाचा फोटो छापला होता आणि खाली लिहिलं होतं की हेच विमान १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लॅस्टिकच्या किटमधून घरी बनवता येतं. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सदर सगळं त्याच विषयाला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न देता फक्त गावं दिलीत.

प्रश्न: भाऊ, माझे वडील दाबोळीला नेव्हीत होते, सुपर कॉनीच्या (सुपर कॉन्स्टेलेशनला सगळे तसंच म्हणायचे) इंजिनांवर त्यांनी काम केलंय आणि घरी अजून त्या दिवसांच्या गोष्टी निघतात. मुलाने परदेशातून १/७२ चं किट पाठवलंय पण डब्यावर जर्मनीच्या लुफ्तान्साचं विमान आहे. मला बोगमाळोला उभं आहे तेच करायचंय. जमेल का? आणि रंग कुठला द्यायचा, एअर इंडियाचा की नेव्हीचा? (वास्को)

उत्तर: जमेल. लुफ्तान्साकडे होती ती एल-१०४९जी प्रकारची, बोगमाळोची पण एल-१०४९जीच, म्हणजे मूळ आकार जुळतो, फार कापाकापी नाही. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि म्हणूनच तुमचं पत्र पहिलं घेतलं. बहुतेक जण डबा उघडला की त्याच संध्याकाळी गोंद काढतात. एवढ्या मोठ्या विमानाला तसं करू नका. आधी ठरवा, कुठलं विमान आणि कुठल्या सालचं. एकदा ते पक्कं झालं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि ते नाही ठरवलं तर विमान धड इकडचं ना तिकडचं असं होऊन बसतं.

आता हेच विमान बघा ना. बोगमाळोला ते आयएन ३१५ या नौदलाच्या नंबराने उभं आहे पण त्याआधी ते एअर इंडियाचं 'राणी ऑफ एलोरा' होतं, १९५० च्या दशकात मुंबईहून परदेशी जायचं. मग १९६० ला एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आली, पंख्यांच्या विमानांचे दिवस भरले आणि या कॉन्स्टेलेशन हवाई दलाकडे गेल्या. तिथून १९७६ ला नौदलाने घेतल्या, समुद्रावर लांब टेहळणी करायला, दाबोळीच्या आयएनएएस ३१२ या स्क्वॉड्रनमध्ये, आणि १९८० च्या दशकात त्या निवृत्त झाल्या. म्हणजे एकाच विमानाचे तीन जन्म झाले आणि प्रत्येक जन्मात त्याचा रंग, अंगावरची अक्षरं, आतली मांडणी, पोटाखाली लावलेली यंत्रं सगळं वेगळं.

राणी करायची ठरली तर अंगावर नुसतं 'एअर इंडिया' लिहून चालणार नाही, तेव्हा कंपनीचं नाव 'एअर इंडिया इंटरनॅशनल' होतं, ते १९६२ ला छोटं केलं. लाल धनुर्धारीचं चिन्ह हवं. महाराजाचं चित्र मनाला येईल तिथे चिकटवू नका, त्या काळचा फोटो मिळाला तरच. आणि महालाच्या झरोक्यासारखी लाल महिरप प्रत्येक खिडकीभोवती असते ना, ती तर अजिबात नको, ती १९७१ च्या जम्बोबरोबर आली.

नेव्हीचं करायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, आज संग्रहालयात विमानावर जो रंग दिसतो तो सेवेतला रंग असेलच असं नाही. उघड्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभं असलेलं विमान आहे, त्याला वेळोवेळी रंग काढावाच लागतो आणि तो काढताना बारीक स्टेन्सिल, पट्ट्यांची रुंदी, छटा बदलतात. म्हणून तुमच्याकडे जे आहे ते कोणाकडेच नाही, ते म्हणजे वडिलांचे अल्बम. स्क्वॉड्रनचे ग्रुप फोटो विमानासमोरच काढलेले असतात, माणसांच्या मागे बघा, इंजिनाचं झाकण, पंख्याच्या टोकाचा रंग, चाकाच्या पायाचा रंग सगळं सापडतं.

तरी बोगमाळोला जाच, रंगासाठी नाही, आकारासाठी. विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत बाजूने सावकाश चाला. धड कुठेच सरळ नळीसारखं नाही, नाक खाली वाकलंय आणि शेपटी वर गेलीय. पंखे मोठे म्हणून विमान जमिनीपासून उंच ठेवावं लागलं, मग नाक थोडं खाली आणलं म्हणजे पुढच्या चाकाचा पाय निदान थोडा आखूड राहिला. तीन शेपट्या आहेत कारण एकच उंच शेपूट केली असती तर तेव्हाच्या हँगरच्या दारातून आत गेली नसती. हे तिथे उभं राहून कळलं की किट जोडताना हात आपोआप जपून चालतो. इंजिनाच्या मागे जाऊन एक्झॉस्ट कुठे निघतो ते बघा, खाली वाकून पोट बघा, आणि फोटो विचारून काढा, शेजारी नौदलाचा तळ आहे, कॅमेरा तिकडे वळवू नका.

मला विचाराल तर नेव्हीचं करा. राणी खूप जण करतील, ती देखणी आहेच. पण ज्या विमानाच्या इंजिनाला वडिलांचे हात लागलेत ते नेव्हीच्या रंगातलं विमान घरात असणं वेगळं, आणि वडील आहेत तोवर त्यांना दाखवून दाखवून करा.

प्रश्न: कॉन्स्टेलेशन आणि सुपर कॉन्स्टेलेशन यात फरक काय, दोन्हीची किट मिळतात, चुकीचं घेतलं जाऊ नये. (काणकोण)

उत्तर: खिडक्या बघा. जुन्या कॉन्स्टेलेशनच्या खिडक्या गोल, सुपरच्या चौकोनी. सुपर साडेपाच मीटरने लांब पण आहे. ८ जून १९४८ ला मुंबई-कैरो-जिनिव्हा-लंडन असं एअर इंडियाचं पहिलं परदेशी उड्डाण केलं ती 'मलबार प्रिन्सेस' जुन्या प्रकारची, एल-७४९. हेच विमान १९५० च्या नोव्हेंबरमध्ये माँ ब्लाँ पर्वतावर पडलं आणि ४८ माणसं गेली. ते करायचं असेल तर ७४९ चं किट, बोगमाळोचं करायचं असेल तर १०४९ चं. १/७२ मध्ये फ्रान्सच्या हेलर कंपनीने दोन्ही काढली होती, रेव्हेलच्या डब्यात सुपर येते ती त्याच साच्यांतून. साचे जुने आहेत, म्हणजे कडेला पातळ प्लॅस्टिकच्या झालरी येणार, धडाचे दोन भाग थोडे वाकडे असणार, हे धरूनच चला.

प्रश्न: काका, मी आठवीत आहे. मला ही सुपर कॉनी खूप आवडली, पहिलंच किट म्हणून घेऊ का? बाबा म्हणतात वाढदिवसाला देतो. (साखळी)

उत्तर: घे, पण लगेच उघडू नको. बाबांना सांग आधी एक छोटं, १/७२ चं एक इंजिनवालं विमान आणि मग डकोटा. एअरफिक्सची डकोटा चांगली आहे, दोन इंजिनं, साधारण ४० सेंटिमीटरचे पंख, आणि डकोटा पण आपल्या देशात भरपूर उडलीय. त्या दोघांवर तुझा हात बसेल, गोंद किती लावायचा, पॉलिश पेपर किती घासायचा ते बोटांना कळेल, आणि मग कॉनीला हात घाल. तिचे पंख ५२ सेंटिमीटर आणि लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास, एवढं मोठं विमान बिघडलं तर मन खट्टू होतं आणि किट माळ्यावर जातं, ते व्हायला नको. कटर वापरताना मोठं कोणीतरी जवळ असू दे.

प्रश्न: माझं विमान जोडून झालं आणि चाकांवर ठेवलं तर शेपटीवर बसलं! नाकात वजन घालायला हवं होतं असं आता कळलं. आमच्याकडे गळाला लावायचं शिसं भरपूर आहे, ते चालेल का? आणि आता धड बंद झालंय त्याचं काय? (मोरजी)

उत्तर: शिसं उत्तम, त्याच्याएवढं जड आणि स्वस्त दुसरं काही नाही. पण ते कशाने चिकटवता ते फार महत्त्वाचं. फेविकॉलने मुळीच नको. पांढऱ्या गोंदातून जी आम्लाची वाफ निघते ती शिशाला खाते, शिशावर पांढरी पावडर धरते, ती फुगते आणि वर्ष-दोन वर्षांनी बाहेरून काही कारण दिसत नसताना नाकाचा जोड उकलतो. आपल्या दमट हवेत तर हे आणखी लवकर. अराल्डाइटसारख्या इपॉक्सीत शिसं पूर्ण बुडवून बसवा, म्हणजे हवा लागत नाही आणि नाकात खुळखुळत पण नाही. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, ते घासू नका, मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका.

धड बंद झालं असलं तरी निराश व्हायचं कारण नाही. या विमानाची चारही इंजिनं मुख्य चाकांच्या पुढे आहेत, त्यामुळे इंजिनाच्या झाकणांच्या आत, मागच्या बाजूला वजन भरता येतं आणि ते सगळं नाकाच्या बाजूलाच धरलं जातं. पंखे अजून चिकटवले नसतील तर काम सोपं आहे. त्याने भागलं नाही तर पुढच्या चाकाच्या खोबणीचं छत कापून तिथून आत इपॉक्सी आणि शिशाचे छोटे मणी सोडता येतात, विमान नाकावर उभं करून सुकू द्यायचं.

ज्यांचं धड अजून उघडं आहे त्यांनी सगळं टेपने जोडून, तीन शेपट्या आणि मागचा आडवा पंख पण लावून, मुख्य चाकं येतात तिथे दोन्ही बाजूंना बोटं देऊन तोलून बघा. नाक खाली गेलं म्हणून लगेच थांबू नका, अजून थोडं घाला, कारण पुढे लांबी (फटी भरायची पुट्टी), रंग, वार्निश असं सगळं मिळून मागेही वजन वाढतंच. आणि पुढच्या चाकाचा पाय लांब, बारीक प्लॅस्टिकचा आहे, त्यावर हे सगळं ओझं येणार. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो हळूहळू वाकतो. पितळेची बारीक सळी मापात कापून पायाच्या जागी किंवा पायाच्या आतून घातली तर कायमची काळजी मिटते.

प्रश्न: जोड लपतच नाहीत. लांबी भरली, घासलं, रंग दिला, आठवड्याने परत रेघ दिसायला लागली. काय करू? (फोंडा)

उत्तर: घाई झाली असणार. प्लॅस्टिकचा पातळ गोंद म्हणजे खरं तर गोंद नाहीच, तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकात वितळून एक होतात. पण तो आत मुरलेला द्रव बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तो उडून गेला की जोड थोडा खाली बसतो. तुम्ही दुसऱ्याच दिवशी घासून सपाट केलंत, मग तो बसला, आणि रेघ वर आली. जोडल्यावर आठवडाभर धडाला हात लावू नका. तेवढ्यात इंजिनं करा.

जोडायची पद्धत पण सांगतो. आधी सगळे भाग भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल असतं. एवढं लांब धड एका दमात चिकटवायचं नाही. नाकापासून सुरू करा, बोटभर लांबीचा जोड टेपने आणि रबरबँडने आवळा, ब्रशने पातळ गोंद फटीला फक्त टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो, मग दोन्ही बाजूंनी दाबा म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी फटीतून वर येतो. तो मणी आला की समजा जोड भरला. तो पुसू नका, सुकल्यावर तोच घासून काढायचा. मग पुढची बोटभर. वाकडं धड असं थोडं थोडं करत सरळ होतं. घासायला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग ८००, १२००, आणि चांदीचा रंग देणार असाल तर २००० पर्यंत, सगळं पाण्यात. आणि घासताना धडाची गोलाई जपा, कॉनीच्या पाठीवर सपाट पट्टा पडला तर कितीही चांगला रंग दिला तरी नजर तिथेच जाते.

मोठी फट असेल, पंख धडाला मिळतो तिथे असतेच, तर लांबी भरण्याआधी प्लॅस्टिकची पातळ पट्टी घाला. पंखांच्या आतून आरपार एक जाड विणकामाची सुई किंवा अॅल्युमिनियमची नळी घातली तर पंख पुढे कधी लोंबत नाहीत.

खिडक्यांबद्दल दोघा-तिघांनी विचारलंय. पारदर्शक पट्टी आतून लावताना फेविक्विक नको. त्याची वाफ पांढरी बुरशी धरल्यासारखी काचेवर बसते आणि आपल्याकडच्या दमटपणात जास्तच बसते. खिडक्या शेवटी फेविकॉलच्या पापुद्र्याने भरायची युक्ती पण लोक सांगतात, पण साधा फेविकॉल ओल धरला की परत दुधाळ होतो, पहिल्याच पावसाळ्यात सगळ्या खिडक्या धुरकट. मॉडेलच्या खिडक्यांसाठी वेगळा पारदर्शक गोंद मिळतो तो मागवा, किंवा किटची पट्टी पातळ इपॉक्सीने बसवा आणि ती घट्ट बसल्याची खात्री करूनच धड बंद करा, एक पट्टी आत पडली तर परत निघत नाही.

प्रश्न: चांदीचा रंग हा माझा मोठा प्रॉब्लेम. जुलैमध्ये स्प्रे केला तर सगळा पांढरट, धुरकट झाला. दुकानातला सिल्व्हर स्प्रे वापरला तर दाणेदार दिसतो. एअरब्रश (रंग फवारायची पेनासारखी छोटी गन) घ्यायची तयारी आहे पण गोव्यात हे होतं तरी का? (म्हापसा)

उत्तर: होतं, फक्त कधी करायचं ते आपल्या हवेने ठरवायचं, आपल्या उत्साहाने नाही.

पांढरट का झालं ते आधी समजून घ्या. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि जुलैत गोव्याच्या हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते ती त्या गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते, रंग सुकायच्या आत. ते पाणी रंगात अडकतं, तेच पांढरं दिसतं. रिटार्डर घातलेला थिनर हळू उडतो म्हणून थोडा फरक पडतो, पण भर पावसात तो पण हरतो. तेव्हा जून ते सप्टेंबर या दिवसांत जोडा, घासा, इंजिनं करा, आतलं करा, चांदीच्या रंगाला हात लावू नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चांगले दिवस असतात, त्यातही सकाळी दव असतं, दुपारी बारा ते चार या वेळात हवा सगळ्यात कोरडी. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर काहीशे रुपयांत मिळतं, ते टेबलावर ठेवा आणि ते साठच्या खाली दाखवेल तेव्हा काढा रंग.

कंप्रेसरबद्दल. नवीन घ्यायच्या आधी आसपासच्या गणपतीच्या शाळेत विचारा, मूर्ती रंगवायला आता बऱ्याच ठिकाणी कंप्रेसर आणि गन असतात आणि चतुर्थी झाली की ते वर्षभर झाकून ठेवलेले असतात. ओळखीवर वापरायला मिळतात, आणि मूर्ती रंगवणाऱ्याचा हात बघायला मिळतो तो वेगळाच फायदा, डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाकडून रंग किती पातळ हवा हे शिकण्यासारखं आहे. त्यांची गन मोठी असते, ती आपल्याला नको, एअरब्रश आपला लावायचा आणि मध्ये रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप हवाच हवा. टाकीच्या तळाचा नळ रंगकामाच्या आधी उघडून साठलेलं पाणी सोडा. आपल्याकडे ते बघून धक्का बसेल इतकं निघतं, आणि तेच पाणी नळीतून थेंब होऊन पंखावर पडतं.

आता खुद्द चांदी. दुकानातला सिल्व्हर स्प्रे गेट आणि ग्रिलसाठी असतो, त्यातले धातूचे कण जाड असतात, १/७२ च्या विमानावर ते वाळूसारखे दिसतात, आणि त्याचा थिनर कधी कधी प्लॅस्टिकच खातो. अल्क्लॅड किंवा व्हायेहोचे धातूचे रंग मागवा. अल्क्लॅडखाली चकचकीत काळा लागतो. तो काळा म्हणजे तुमची परीक्षा आहे असं धरा, जो ओरखडा, जो जोड काळ्यावर दिसतो तो चांदीवर दुप्पट दिसणार. काळा दिल्यावर दिव्याखाली विमान फिरवून बघा, दिव्याची रेघ पाठीवरून सरळ वाहत गेली पाहिजे, कुठे तुटली तर तिथे परत पॉलिश पेपर. हे दोन-तीनदा करावं लागतं आणि करावंच. मग चांदी कमी दाबाने, पंधरा-वीस पीएसआयला, लांबून, धुक्यासारखे पातळ हात, काळा जेमतेम झाकला गेला की थांबायचं. जास्त दिली की चमक जाते.

खऱ्या विमानाचा पत्रा सगळीकडे एकसारखा कधीच नसतो. इंजिनाजवळचे पत्रे तापून थोडे काळवंडलेले, काही नवीन बदललेले लख्ख, काही मंद. टेप लावून दोन-तीन छटा वेगळ्या काढा, फरक अगदी थोडा, लांबून दिसू नये आणि जवळून जाणवावा एवढाच. टेप मॉडेलचीच वापरा, आणि ती आधी हाताच्या तळव्यावर चिकटवून थोडी ढिली करा, नाहीतर चांदी तिच्याबरोबर निघते. चांदी झाल्यावर विमानाला उघड्या हाताने शिवायचं नाही, घामाचे ठसे राहतात. कापडी हातमोजे घाला.

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, खोलीत सतत थिनरचा वास. त्याला नाही म्हणवत नाही पण काळजी वाटते. (मडगाव)

उत्तर: ताई, काळजी रास्त आहे. त्याला लॅकर आणि अल्क्लॅड या वयात देऊ नका, पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग द्या, व्हायेहोचे चांदीचे रंग पण त्याच जातीचे आहेत आणि निकाल छान येतो. पातळ गोंदाचं काम बाल्कनीत किंवा पंखा बाहेरच्या बाजूला हवा फेकेल अशा खिडकीजवळ. स्प्रे करताना रंगाची वाफ अडवणारा मास्क हवा, करोनाच्या वेळचा कापडी मास्क वाफ अडवत नाही. बाटलीचं झाकण लगेच लावायची सवय लावली की निम्मा वास जातो. आणि त्याच्याबरोबर अधूनमधून बसा, तीन शेपट्या सरळ लागल्यात का हे समोरून बघायला दुसरं माणूस लागतंच.

प्रश्न: जुनं किट मिळालं पण त्यातले स्टिकर पिवळे पडलेत. एअर इंडियाचे कुठून आणू? (डिचोली)

उत्तर: ते स्टिकर नाहीत, पाण्यात भिजवून सरकवायचे डेकल आहेत. पिवळे असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवा, काही आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. जुने डेकल पाण्यात तुकडे होतात, म्हणून आधी त्यावर डेकल फिल्म या पारदर्शक द्रवाचा एक हात द्या आणि कोपऱ्यातलं नको असलेलं एक भिजवून बघा.

एअर इंडियाचे घरी छापता येतात. डेकल पेपर ऑनलाइन मिळतो, इंकजेटवर छापलं तर वरून क्लिअर वार्निशचे दोन-तीन हात द्यावेच लागतात नाहीतर शाई पाण्यात जाते, लेझरला त्रास कमी. प्रिंटर पांढरा छापत नाही हे ध्यानात ठेवा. आणि लांब लाल पट्टा डेकलने करू नका, नाकाच्या गोलाईवर तो सुरकुततो. टेप लावून रंगानेच काढा, आधी पांढरा, मग लाल.

प्रश्न: माझे आजोबा पोर्तुगीज काळात दाबोळीला कामाला होते. घरी एक फोटो आहे, मागे चार पंख्यांचं विमान, एकच शेपूट. ते कॉन्स्टेलेशन नाही ना? त्याचं मॉडेल होईल का? (चिखली)

उत्तर: एकच शेपूट म्हणजे कॉन्स्टेलेशन नाही. बहुतेक टीएआयपीचं डग्लस असणार. ही पोर्तुगीज भारताची स्वतःची विमान कंपनी, १९५५ ची, दाबोळी विमानतळ पण त्याच वर्षीचा. सुरुवातीला छोटी हेरॉन विमानं, मग व्हायकिंग, मग डीसी-४ आणि डीसी-६. तेव्हा भारताने नाकेबंदी केलेली, म्हणून विमानं कराचीला जायची, दमण-दीवला जायची, पुढे लिस्बनपर्यंत. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, टर्मिनलला मात्र हात लावला नाही, आणि उभी असलेली दोन मोठी विमानं वाचली. एक कॉन्स्टेलेशन आणि दुसरं टीएआयपीचं डग्लस. दोन्ही त्याच रात्री तुटक्या धावपट्टीवरून माणसं घेऊन कराचीला निघून गेली. त्यामुळे दाबोळीच्या जुन्या फोटोत तीन शेपट्यांचं दिसलं तरी ते नेव्हीचंच असेल असं नाही, साल बघायचं.

मॉडेल होईल. डीसी-४ असेल तर रेव्हेलचं १/७२ चं सी-५४ स्कायमास्टर किट घ्या, डीसी-४ चाच तो लष्करी भाऊ, पंख जवळजवळ ५० सेंटिमीटर. मालाची मोठी दारं बुजवावी लागतील. पण आधी फोटोवरून डीसी-४ की डीसी-६ ते ठरवा. डीसी-४ च्या खिडक्या गोल असतात, डीसी-६ च्या चौकोनी आणि धड लांब. पंखावर किंवा शेपटीजवळ सीआर-आय ने सुरू होणारा नंबर दिसतो का बघा, पोर्तुगीज भारताच्या विमानांचे नंबर तसे असायचे, एक अक्षर जरी वाचता आलं तरी नेमकं विमान शोधता येतं. फोटो फ्रेममधून काढून ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागे काही लिहिलं असेल तर ती बाजू पण, आणि आम्हाला पाठवा. विमान ओळखता आलं तर पुढच्या अंकात त्याच्या रंगाचं आणि दारांचं माप देतो.